डाव्या हाताने लावलेले कान

कपाचं अंग यंत्रावर होतं. साच्यात मातीचा गोळा पडतो, वरून पातं गरगर फिरत खाली येतं आणि तुम्ही नाक शिंकरून रुमाल खिशात ठेवेपर्यंत कप तयार. कानाचं तसं नाही. कान वेगळ्या साच्यात ओततात, काढतात, त्याच्या कडा पुसतात आणि मग एकेक कान एकेका कपाला हाताने चिकटवावा लागतो. आमच्या कारखान्यात हे काम सहा जणी करायच्या. त्यातली सगळ्यात जुनी म्हणजे कानमावशी. तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. तिथेही कुणीतरी पुढे कंसात 'कान' असं लिहून ठेवलं होतं.

मी कारखान्यात आले तेव्हा मला आधी तिच्याच शेजारी बसवलं होतं. कप आणि कान दोन्ही सारखेच ओले हवेत, हा तिचा पहिला धडा. एक जास्त सुकलेला आणि दुसरा कमी, की दोघं वेगवेगळे आकसतात आणि जोडावर चीर जाते. "संसारासारखंच आहे," ती म्हणायची, "एक तापट आणि एक थंड असला तरी निभतं. एक ओला आणि एक वाळका असला की मोडतं." चार वर्षं तिने माझे कान उपटून मला कान लावायला शिकवलं आणि तरी माझे कान पडायचेच. शेवटी मला झिलई विभागात पाठवलं. तिथे पहिल्या भट्टीतून भाजून आलेले कप येतात. ते दुधासारख्या झिलईत बुडवायचे, काढायचे, पुढच्या भट्टीला द्यायचे. मला ते जमलं. मावशी म्हणाली, "बुडवायचं काम तुला बरोबर शोभतं."

ती दिवसाला सातशे कप करायची. उजव्या हातात कान, डाव्या हातात कप. कानाची दोन टोकं पातळ मातीत टेकवायची, कपावर दाबायची, अंगठ्याने जोड पुसायचा, कप फळीवर. बोलणं चालू, हात चालू. सत्तावीस वर्षं.

त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी एक रिकामी फळी परत द्यायला तिच्या बाकापाशी गेले होते. मावशीच्या हातातून कान निसटला. तिने दुसरा उचलला, तोही निसटला. "आज मातीत कुणी पाणी जास्त घातलंय," ती चिडून म्हणाली, पण शब्द तोंडात लोळल्यासारखे आले. तिसरा कान पडला तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजवी बाजू खाली उतरली होती. ओठाचा कोपरा, डोळ्याची कड, सगळं कुणीतरी ओल्या मातीवर हात फिरवून खाली ओढल्यासारखं.

आम्ही तिला माल पोचवायच्या गाडीत घातलं. उचलून नेत असताना ती डावा हात जोरजोरात हलवत बाकाकडे दाखवत होती. मला वाटलं, तिला पर्स हवी आहे. नंतर कळलं. फळीवर चाळीसेक कप उघडे होते आणि ते सुकून जातील म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं टाका, असं ती सांगत होती.

दवाखान्यात ती तीन आठवडे होती. जीव वाचला. उजवा हात खांद्यापासून लोंबत राहिला, उजवा पाय फरफटायला लागला आणि शब्द गेले. सगळे नाही, एक उरला. पाणी हवं असलं तरी ती म्हणायची "कान". खिडकी बंद करायची तरी "कान". लेक समोर आली, तिच्याकडे पाहून डोळे भरून आले आणि तोंडातून निघालं ते "कान". लेक शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, दिवसभर पोरांना अक्षरं गिरवायला लावते. ती बाहेर व्हरांड्यात येऊन माझ्या खांद्यावर रडली.

मावशीचे यजमान, आम्ही त्यांना भट्टीवाले काका म्हणतो, आमच्याच कारखान्यात भट्टी सांभाळायचे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. आयुष्यभर भोकातून आग बघितल्यामुळे त्यांचे डोळे कायम बारीक झालेले आणि बोलणं त्याहून बारीक. ते लेकीला म्हणाले, "बाकीचे शब्द वर कुठेतरी ठेवले असतील तिने. सापडतील." आणि रोज कॉटशेजारी बसून एकेक वस्तू उचलून नाव घ्यायला लागले.

"चमचा."

"कान."

"कान नाही. चमचा."

"कान!"

"बरं. हा पेला."

असं सकाळ-संध्याकाळ चालायचं. अकराव्या की बाराव्या दिवशी काकांनी उशी उचलून "उशी" म्हणताच मावशीने डोळे वटारले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "गप!" सापडलेला पहिला शब्द तो. काका इतके खूश झाले की खरोखर गप बसले.

घरी आणल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. तिची नणंद आली. स्वभावाने वाईट नाही, पण दुसऱ्याच्या दुखण्यावर बोलायला बसली की तिला थांबवणं कठीण. पलंगावर बसून ती म्हणाली, "वहिनी, शेवटी देह म्हणजे मातीचं भांडं. कधी ना कधी फुटायचंच. आता जिवाला त्रास करून घेऊ नका. शांत पडून राहा."

तोपर्यंत मावशीला तुटक तुटक वाक्यं जमायला लागली होती. तिने बराच वेळ तोंडात शब्द जुळवले आणि विचारलं, "कच्चं... की भाजलेलं?"

नणंदेने आमच्याकडे पाहिलं. तिला वाटलं डोकंही गेलं. मला मात्र हसू आवरेना. कारखान्यात कच्चा कप फुटला तर कुणी मान वर करूनही बघत नाही. तो वाळू द्यायचा आणि टाकीतल्या पाण्यात टाकायचा. बघता बघता विरघळतो, पुन्हा माती होते, पुन्हा गोळा होतो. भाजलेला कप फुटला की मात्र संपलं. वर्षभर पाण्यात ठेवा, खापर ते खापरच. ते मागच्या खड्ड्यात जातं.

"मी... कच्ची," मावशी म्हणाली. "अजून... भाजली नाही."

नणंद चहा संपवून जरा लवकरच निघाली.

व्यायाम करून घ्यायला एक बाई आठवड्यातून तीनदा यायची. तिने उजव्या हातात दाबायला रबरी चेंडू दिला. मावशीने तो डाव्या हाताने भिरकावला. चेंडू पलंगाखाली गेला. काका गुडघ्यांवर रांगत तो काढत असताना मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "माती."

दुसऱ्या दिवशी मी डब्यात टाकीतली माती भरून आणली. कुणाला विचारलं नाही. घरातलं जुनं पोळपाटासारखं लाकूड तिच्या मांडीवर ठेवलं, त्यावर माती आणि मातीवर तिचा मेलेला उजवा हात. त्यावर डावा हात ठेवून ती मळायला लागली. डावा दाबायचा, उजवा खाली मुकाट चिरडला जायचा. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. पाचव्या आठवड्यात उजवं मनगट जरासं वर उचललं गेलं. व्यायामवाल्या बाईने आधी नाक मुरडलं होतं, आता ती मला विचारायला लागली की ही माती आणखी दोघातिघांसाठी मिळेल का.

पण ती बाई खोटं बोलणारी नव्हती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मावशीने सरळ विचारलं, "बोटं?"

"मनगट येईल. कोपर येईल. वजन ठेवता येईल त्या हातावर," ती म्हणाली. "पण बोटांचं बारीक काम परत येईल असं मला वाटत नाही, मावशी."

त्या दिवशी मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवण तसंच राहिलं. मी निघताना "येते" म्हटलं तरी वळली नाही. मला वाटलं, झालं, हरली.

दुसऱ्या दिवशी तिने काकांकडे फणी मागितली. डाव्या हाताने केस विंचरले. पाऊण तास लागला आणि भांग थेट डोळ्यावर उतरला. लेक सरळ करायला पुढे झाली तर तिच्या हातावर फणी मारली. त्या दिवसापासून घास, चूळ, बटण, नळ, दाराची कडी, सगळं डाव्याने. "डाव्या हाताचा मळ म्हणजे सोपं काम," ती एकदा घामाघूम होऊन म्हणाली, "असं म्हणणारा... माझ्यासमोर आणा एकदा."

सहा महिन्यांनी ती काठी टेकत कारखान्यात आली. आमचे सुपरवायझर तिच्याहून वीस वर्षांनी लहान. उमेदवारीत असताना तेही तिच्याच बाकावर शिकले होते. चारचौघांत ती त्यांना साहेब म्हणायची, एकट्यात 'अरे'. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

"मावशी, तुमची जागा कुठेही जात नाही," ते म्हणाले. "कोठारात बसा. खोकी मोजायची, खूण करायची. सावलीतलं काम आहे."

"खोकी कुणीही मोजेल. मला कप दे."

"एका हाताने कान कसा लागणार?"

"पन्नास दे. मग बोलू."

त्यांनी दिले. पन्नास कपांना तिला अख्खा दिवस लागला. कप बाकावर लोळायचा, ती छातीने अडवायची. कान तिरका बसायचा, ती दातओठ खाऊन सरळ करायची. संध्याकाळी फळीवर पन्नास कप उभे होते, कान रेघेत. बाकीच्या पाच जणींनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरही हसले.

चार दिवसांनी ते कप भाजून माझ्याकडे आले. मी पहिला उचलला. कान डावीकडे पिळला होता. दुसऱ्याचाही. तिसऱ्याच्या जोडावर चीर. सगळे बघून झाले तेव्हा तेवीस वाकडे आणि अकरा तडकलेले निघाले. मला वाटलं, काही कप लपवावेत, आकडा थोडा कमी सांगावा. तेवढ्यात काठीचा आवाज आला. ती माझ्या स्टुलावर बसली आणि एकेक कप हातात घ्यायला लागली. टिचकी मारायची, कानाशी न्यायची, कडेवरून बोट फिरवायची. मी खाली मान घालून उभी.

"सगळे एकाच बाजूला वाकलेत," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"म्हणजे चूक एकच आहे." तिचा चेहरा चक्क उजळला होता. "चौतीस चुका नाहीत. एक आहे."

मग तिने मला जे सांगितलं ते मी चार वर्षं तिच्याशेजारी बसूनही शिकले नव्हते. मातीला आठवण असते. कान आधी तिरका लावला आणि मग सरळ केला, तर वरून तो सरळच दिसतो. पण आगीत गेला की त्याला पहिली जागा आठवते आणि तो तिकडे वळतो. दोन हात होते तेव्हा कान पहिल्याच दमात जागेवर बसायचा. आता सरळ करून चालणार नव्हतं. पहिल्यांदाच बरोबर लावायला हवा होता.

ती घरी गेली आणि काकांना म्हणाली, "अहो, मला तिसरा हात करून द्या."

काकांनी लाकडाचा एक छोटा पाळणा केला. त्यात कप आडवा बसायचा. पहिला पाळणा घट्ट झाला, कप चेपला. दुसरा सैल झाला. तिसऱ्याला आतून जुना स्पंज लावला आणि तो जमला. उजव्या हाताची बोटं चालत नसली तरी त्याला वजन होतं. तो हात ती कपावर आडवा टाकायची, पेपर उडू नये म्हणून दगड ठेवतात तसा. पलीकडची बाजू बोटांना कळत नव्हती म्हणून समोर लेकीचा छोटा आरसा टेकवला. आणि तीन महिने जेवणाच्या टेबलावर रोज कान. लेक वैतागायची, "आई, चहात माती लागतेय." काका म्हणायचे, "गाळून पी."

नवव्या महिन्यात ती पाळणा काखेत मारून पुन्हा कारखान्यात आली. सुपरवायझर या वेळी हसले नाहीत. दार लोटून घेतलं. मी झिलईचा नमुना दाखवायला आत गेले होते, तिथेच अडकले.

"मावशी, रागावू नका. किती दिवस स्वतःला असं पिळून घेणार? डॉक्टरांनी सांगितलंय, पुन्हा झटका येऊ शकतो."

"येऊ शकतो."

"मग हे सगळं कशासाठी? समजा शिकलात, आणि सहा महिन्यांत..."

"अरे," ती म्हणाली. शब्द अजून थांबत थांबत यायचे, पण आता चुकायचे नाहीत. "तू रोज एवढे कप बाहेर पाठवतोस. त्यातला एक तरी कायमचा टिकतो? कुणाच्या तरी हातून पडणारच. मग बिनकानाचे पाठवतोस का?"

टेबलावरच्या स्वतःच्या चहाच्या कपाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग उठून बाहेर गेले आणि स्वतः फळीवर पन्नास कप मोजून तिच्या बाकावर ठेवले.

या वेळी तिने घाई केली नाही. कान उचलला की आरशात बघायची, श्वास धरायची, एकदाच टेकवायची. टेकवल्यावर पुन्हा हात लावत नव्हती. एकोणिसाव्या कपाला हात जरा हलला. तिने तो कप फळीच्या टोकाला सारला आणि मला सांगितलं, "हा जाणार. बघून ठेव."

भाजून आल्यावर मी एकटीने पाहायचं नाही असं ठरवलं. सुपरवायझरना बोलावलं. त्यांनी प्रत्येक कान अंगठ्याने दाबून पाहिला, प्रत्येक कपाला टिचकी मारली. एकोणिसावा गेला होता, ती म्हणाली तसाच. दोन कान केसभर कलले होते. सत्तेचाळीस कप सरळ. दोन हातांच्या बायकांचेही पन्नासात दोन-तीन जातातच. शेवटचा कप फळीवर ठेवून ते शेजारी बसलेल्या मावशीकडे वळले.

"उद्यापासून या," ते म्हणाले. "पण सातशे होणार नाहीत, मावशी."

"नाही होणार," तिने लगेच मान्य केलं. "तीनशे."

"दोनशे म्हणा."

"तीनशे."

खरं सांगायचं तर पहिले काही महिने एकशे ऐंशीच झाले. संध्याकाळी तिचा खांदा इतका भरून यायचा की काका बसस्टॉपवर उभे राहून तिच्या हातातली पिशवी घ्यायचे. तीनशेला पोचायला तिला दीड वर्ष लागलं. सातशे पुन्हा कधीच झाले नाहीत आणि त्याचं तिला वाईट वाटायचं. एकदा बाजूच्या बाईची भरलेली फळी बघत ती मला म्हणाली, "माझाही हात असाच चालायचा, नाही?" मी म्हटलं, "याहून वेगात." ती "हं" म्हणाली आणि पुढचा कान उचलला.

मध्ये एकदा पुन्हा झटका आला, लहानसा. उजव्या बाजूचं दिसणं थोडं कमी झालं. दोन महिने घरी बसली, मग आरसा चार बोटं डावीकडे सरकवून परत आली. त्यावर तिने कधी भाषण केलं नाही. लेकीने "आई, आता पुरे" म्हटलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आज पुरे. उद्याचं उद्या बघू."

गेल्या वर्षी साच्याच्या यंत्रावरच्या एका माणसाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, दोन मुलींचा बाप. जखम भरल्यावर तो कामावर आला तो हात खिशात घालूनच. कुणी विचारलं की तोडून बोलायचा. सुपरवायझरनी त्याला आणून मावशीच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि निघून गेले.

मावशीने हातातला कान पूर्ण लावला. कप फळीवर ठेवला. मग म्हणाली, "खिशातला हात बाहेर काढ."

तो हलला नाही.

"अरे, माझा बघ. पाच बोटं आहेत, एकही कामाचं नाही. तुझी दोन तरी चालतात. मी मागितली तर देशील का?"

त्याच्या तोंडावर नको नको म्हणत हसू आलं. त्याने हात बाहेर काढला. मावशीने तो आपल्या डाव्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला, बाजारात भाजी बघावी तसा.

"डावखुरा आहेस?"

"नाही."

"होशील."

पहिल्या दिवशी त्याचे साठ कान पडले. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मावशी काठी टेकत त्याच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण चौथ्या दिवशी तो तिच्या आधी येऊन बसला होता.

"किती दिवस लागतील, मावशी?" त्याने विचारलं.

"मला नऊ महिने लागले. पण मला शिकवायला कुणी नव्हतं. तुला सहा."

त्याला सात लागले. आता तो दिवसाला साडेचारशे कप करतो. मावशी अडीचशे करते आणि त्याला म्हणते, "हात चालव जरा, झोपलास का?"